पिशवी सलाउद्दीनची, माल चार गावांचा

मंगलाबाईला कुणी तोंडावर चोर म्हटलं असतं, तर त्याची काही धडगत नव्हती. पण खरं सांगायचं तर नवापुरातल्या आपल्याच गल्लीत ती तीन वर्षं चोरासारखी वावरत होती. चोरी कसली, तर तूरडाळीची! बरं, डाळ रोख पैसे देऊन घेतलेली. चार ठिकाणी भाव करून, हातावर घेऊन, दाताखाली फोडून पाहून घेतलेली. तरी चोरी ती चोरीच, कारण ती डाळ सलाउद्दीनभाऊंच्या दुकानातली नसायची.

आता हे सलाउद्दीनभाऊ कोण, ते आधी ऐका. 'सलाउद्दीन किराणा स्टोअर्स' मंगलाबाईच्या घराच्या अगदी समोर. पुढे दुकान, मागे घर, ओट्यावर एक बाकडं. त्या बाकड्यावर संध्याकाळी मंगलाबाईचा नवरा गिरधर बसणार म्हणजे बसणारच. गिरधर पोल्ट्रीतली अंडी टेम्पोने पोचवतो. एकदा गावाबाहेरच्या वळणावर त्याचा टेम्पो कलंडला. गिरधरला खरचटलंसुद्धा नाही, पण रस्ताभर अंड्यांचा पिवळा चिखल झाला. लोक मोबाइल काढून फोटो घेत उभे, आणि सलाउद्दीनभाऊ दुकान उघडं टाकून बादल्या, पातेली, हाताला लागेल ते घेऊन धावत आले. दोघांनी मिळून नुसती तडकलेली अंडी वेचून काढली, आणि भाऊंच्या बायकोने, हाजराबीने, दोन दिवस सगळ्या गल्लीला आम्लेट खाऊ घातलं. पोल्ट्रीच्या मालकाशी गिरधरच्या वतीने भांडलेही सलाउद्दीनभाऊच.

तेव्हापासून गिरधरने घरात फर्मान काढलं होतं. "किराना लेवाना तं सलुभाऊनाच दुकानम्हाईन. दुसरा दुकानना एक दानासुद्धा मन्हा घरमा येवाले नको."

मंगलाबाईलाही ते पटलेलं होतं. हाजराबी तर तिच्या जिवाभावाची. भाजी निवडायला बसल्या की दोघींच्या एकाच परातीत दोन्ही घरच्या भाज्या. वीस-बावीस वर्षं असंच चाललं.

मग लेक भूमिका नर्सिंगला सुरतेला गेली. हॉस्टेल, मेस, पुस्तकं, पांढरे बूट, आणखी एक जोड पांढरे बूट, कारण पहिले पांढरे पुरेसे पांढरे नव्हते म्हणे. गिरधर घरखर्चाला द्यायचा तेवढेच देत होता, त्यात वाढ कुठून करणार बिचारा? अशात मंगलाबाई खांडबाऱ्याला आपल्या बहिणीकडे, धनुबाईकडे गेली. धनुबाईचे गुडघे धरलेले, म्हणून तिच्यासाठी बाजारात गेली, आणि तिथे तूरडाळीचा भाव ऐकून जागच्या जागी उभी राहिली. किलोमागे चौदा रुपयांचा फरक!

"काय वो, जुनी डाळ शे का?" तिने दुकानदाराला विचारलं.

"शिजाडी देखा, मावशी," तो म्हणाला.

तिने घरी नेऊन शिजवली. दोन शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी. आणि सलाउद्दीनभाऊंची डाळ पाच शिट्ट्या होईपर्यंत कुकरमध्ये तशीच टणक बसून राहायची! मंगलाबाईला रागच आला. कुणाचा, ते तिला सांगता आलं नसतं, पण आला.

झालं, तिथून नाद लागला. मंगलाबाईने हळूहळू सगळा मुलूख पालथा घातला. डाळ, गूळ आणि शेंगदाणे खांडबाऱ्याचे. मिरची नंदुरबारची, तीही बाजारात दुपार कलल्यावर, जेव्हा व्यापारी घरी जायच्या घाईला येतो. साबण आणि चहा नंदुरबारच्याच नव्या मोठ्या दुकानात, जिथे ढकलगाडी घेऊन आपणच माल काढायचा. दोनावर एक फुकट असेल त्याच दिवशी, आणि ढकलगाडी न घेता, कारण ढकलगाडी घेतली की माणूस नको ते भरतो. तेलाचा डबा मात्र गुजरातेतून, उच्छलहून. गाडीने एक स्टेशन पुढे जायचं, डबा घ्यायचा आणि परत यायचं. तिकिटाचे पैसे वजा करूनसुद्धा चांगले उरायचे. उरलेल्यात भूमिकेची मेस निघायची, आणि कधी कधी मंगलाबाई स्टेशनवर स्वतःला एक कप चहा पाजायची. तो चहा तिला जगातल्या सगळ्या चहांपेक्षा गोड लागायचा, साखर बेताची असली तरी.

गिरधरला सांगायची ती, "धनुना पाय दुखी ऱ्हायनात, देखी येस." धनुबाईचे पाय तीन वर्षं दुखत राहिले. पुढे पुढे धनुबाईच म्हणायला लागली, "ताई, आते तरी माले बरी व्हऊ दे."

आणि घरात माल शिरायचा तो सलाउद्दीनभाऊंच्या पिशव्यांतून. पिवळ्या कापडाच्या पिशव्या, वर लाल अक्षरांत दुकानाचं नाव. मंगलाबाई गाडीतच खांडबाऱ्याची डाळ, नंदुरबारचा साबण या पिशव्यांत भरायची, आणि मागच्या बोळातून परसदारी उतरायची. गिरधरला स्वयंपाकघरात पिवळ्या पिशव्या दिसायच्या. तो खूश. शेजारणीही खूश. सलाउद्दीनभाऊंच्या दुकानातून ती तोंडदेखलं काहीतरी न्यायची. पावशेर डाळ, मिठाचा पुडा, काडेपेटी, अर्धा किलो साखर.

पण मनाला बोच होतीच. पैसे वाचले की आनंद व्हायचा, आणि हाजराबी समोर आली की तोच आनंद पदराआड लपवावा लागायचा. कळलं तर? सलाउद्दीनभाऊंना वाटेल, दोस्ताच्या बायकोने चौदा रुपयांसाठी आपल्याला सोडलं. गिरधर त्या बाकड्यावर पुन्हा कुठल्या तोंडाने बसणार? आणि आपण हाजराबीच्या परातीत कुठल्या तोंडाने मेथी टाकणार? दोन घरं तुटली तर ती जोडायला कुठल्या बाजारात जायचं? या विचाराने तिचं काळीज गलबलायचं. ती ठरवायची, या महिन्यापासून बंद. आणि मग महिना लागला की सुरतेहून भूमिकेचा फोन यायचा.

त्यात सलाउद्दीनभाऊ काय करायचे, तर मंगलाबाईने पावशेर मागितलं की मापात चांगली मूठभर जास्त टाकायचे. कधी बिस्किटाचा पुडा हळूच पिशवीत सरकवायचे. एकदा तिने पुडा परत नेऊन दिला, तर त्यांनी डोळे मोठे केले. "वहिनी, चुकीसन गया व्हयी. आते गया तं गया! परत काब्र लयन्यात?" मंगलाबाईला वाटलं, भाऊंचं वय झालं, माप चुकतंय. आणि एवढ्या भोळ्या माणसाला आपण फसवतोय! त्या दिवशी तिला बिस्किट गोड लागलं नाही.

आणि मग तो शुक्रवार उजाडला.

नगरपालिकेने मागचा बोळ गटारीसाठी खणून ठेवला होता. पुरुषभर खोल चर, त्यावर एक डुगडुगती फळी. मंगलाबाई खांडबाऱ्याला जायला निघाली तेव्हाच तिने हिशोब केला होता, परत येताना या फळीवरून पिशव्या आणणं काही खरं नाही. म्हणजे पुढच्या दाराने यावं लागणार, भर दुकानासमोरून. तिने खूप विचार केला आणि तिला नामी युक्ती सुचली. शुक्रवार! शुक्रवारी दुपारी नमाजाला सलाउद्दीनभाऊ दुकान बंद करतात. शटर खाली, बाकडं रिकामं. कुणी बघायला नाही, कुणी विचारायला नाही. आपल्या हुशारीवर ती इतकी खूश झाली की खांडबाऱ्याला तिने नेहमीपेक्षा जास्तच माल भरला. पाच किलो डाळ, तीन किलो शेंगदाणे, गुळाची ढेप, वर पोहे. चार पिशव्या टम्म.

दुपारच्या गाडीने ती नवापूरला उतरली, रिक्षा केली, आणि अगदी राणीसारखी दारापुढे उतरली. समोर शटर खाली होतं. जीव भांड्यात पडला. चार पिवळ्या पिशव्या ओळीने ओट्यावर ठेवून ती रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून हुज्जत घालत होती, तेवढ्यात कोपऱ्यावर सायकल दुरुस्त करणाऱ्या रेवजीचा आवाज आला. रेवजीला कुणाच्या घरी काय चाललंय याची काळजी घरच्यांपेक्षा जास्त.

"मंगलावहिनी," रेवजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "दुकान तं बंद शे. मंग इतल्या पिशव्या भरीसन कोठून उन्यात?"

मंगलाबाईने पिशव्यांकडे पाहिलं. शटरकडे पाहिलं. पुन्हा पिशव्यांकडे पाहिलं. अरे देवा! बंद दुकानाच्या भरलेल्या पिशव्या! तीन वर्षांत जे रेवजीच्या डोळ्यांनाही दिसलं नव्हतं, ते तिने स्वतःच्या हाताने, नावानिशी, भर दुपारी ओट्यावर मांडून ठेवलं होतं. तिची पाचावर धारण बसली.

आणि तेवढ्यात नमाजाहून परतणारी मंडळी गल्लीत शिरली. पुढे पांढऱ्या टोपीत सलाउद्दीनभाऊ.

ते थांबले. पिशव्यांवरचं आपलं नाव त्यांनी वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचत होते. मग एक अक्षर न बोलता पुढे आले, दोन पिशव्या उचलल्या, वजनाने जरा दचकले, मंगलाबाईच्या उंबऱ्याआत नेऊन ठेवल्या. परत येऊन उरलेल्या दोन ठेवल्या. आणि मान खाली घालून निघून गेले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. रिक्षावाल्याला सुट्टे मिळाले की नाही, मंगलाबाईला कळलंच नाही.

दुपारभर ती स्वयंपाकघरात त्या पिशव्यांसमोर बसून राहिली. संपलं सगळं. चौदा-चौदा रुपये वेचता वेचता आपण घर घालवलं. रडलीही ती, चांगली ओक्साबोक्शी. चार वाजता समोरचं शटर वर गेल्याचा आवाज आला, आणि तिला दार उघडायचं धाडस झालं नाही. संध्याकाळी गिरधर आला, हातपाय धुतले आणि बाकड्याकडे निघाला, तोच दारात सलाउद्दीनभाऊ आणि त्यांच्या मागे हाजराबी!

"सलुभाऊ, तू आठे? मीच येई ऱ्हायन्थू," गिरधर म्हणाला.

सलाउद्दीनभाऊ आत येऊन बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "वहिनी," ते म्हणाले, "एकच इचारस. त्या पिशव्यास्मा काय व्हतं?"

आता लपवायचं काय राहिलं होतं? मंगलाबाईने पदर खोचला आणि सगळं सांगून टाकलं. खांडबारा, नंदुरबार, उच्छल. चौदा रुपये. दोनावर एक साबण. धनुबाईचे न दुखणारे पाय. भूमिकेची मेस. गिरधर तोंड उघडं टाकून ऐकत होता. मध्येच तो उठला, "मंगला, तू मन्हा दोस्तले..." आणि पुन्हा खाली बसला. मंगलाबाई सलाउद्दीनभाऊंपुढे वाकली. "भाऊ, मन्हं चुकनं. काय बोलानं ते बोला. पन आपला दोन घरं तोडू नका."

सलाउद्दीनभाऊंनी तिला उठवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे... तुमना घरमा पोटभर जेवन व्हतं?"

"आं?"

"तीन वरीस व्हयनात, वहिनी! पाच किलो डाळ लेनारं घर पावशेरवर उनं. मी हाजराले बोलनू, गिरधर पोरले शिकाडी ऱ्हायना आनि घरमा अर्धपोटी झोपी ऱ्हायनात. मानूस मानी शे, इचारं तं नाराज व्हई. म्हनीसन मूठभर जास्त टाकू, बिस्किट टाकू..." त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली. "आज पिशव्या उचल्यात नि त्यास्नं वजन देखं, तं माले नमाज कबूल झाल्यागत वाटनं. पन बठ्ठी दुपार खात्री व्हयेना."

मग गिरधरच फुटला. "अर्धपोटी? मी?" त्याने आपल्या सुटलेल्या पोटावर थाप मारली. "सलुभाऊ, हाई देखीसन तुले मी अर्धपोटी वाटनू?"

"मी समजनू, सूज शे," सलाउद्दीनभाऊ म्हणाले.

हाजराबी आधी हसली. ती हसायला लागली की तिचं सगळं अंग हसायचं. ती हसता हसता भिंतीला टेकली आणि म्हणाली, "मला तर पहिल्या महिन्यातच कळलं होतं, बाई! तुझ्या घरून वरण आलं, ते विरघळलेलं. आमच्या दुकानातली डाळ कधी विरघळत नाही, मला ठाऊक नाही होय? मी रोज तिच्याशी भांडते."

"मंग तू माले काब्र नही सांगं?" सलाउद्दीनभाऊ बायकोवर खेकसले.

"तुम्हाला मूठभर जास्त टाकताना इतका आनंद व्हायचा. कशाला मोडायचा?"

आता मात्र सलाउद्दीनभाऊंचा चेहरा बदलला. दुकानदार जागा झाला त्यांच्यातला. "चौदा रुपया फरक? खरंच चौदा?"

"कव्हय कव्हय सोळा," मंगलाबाई म्हणाली.

"आनि हाई बठ्ठी गल्लीबी बाहेरथूनच लेस? रेवजी? बाकीना?"

मंगलाबाईने नुसतं स्टेशनच्या दिशेला बोट दाखवलं. सलाउद्दीनभाऊ कपाळाला हात लावून बसले. "माले वाटे, धंदा मंदा शे. लोक मोबाइलवर मागाडतस. वीस वरीस मी एकच ठोक व्यापारीकडथून माल लेस. त्यान्हा बाप नि मन्हा बाप दोस्त. भाव इचारनं बरं दिसत नही ना!" आणि एकदम त्यांनी मान वर केली. "वहिनी, तुम्हीबी माले कव्हय भाव इचारा नही. एकदा बी नही!"

"तुमले कसा इचारसू, भाऊ? तुम्ही घरना."

"घरनालेच इचारतस!" सलाउद्दीनभाऊ ओरडलेच. "पराया तं सरळ दुसरा दुकानमा चालना जास!"

त्या ओरडण्यात राग कमी होता आणि माया जास्त, हे मंगलाबाईला लगेच कळलं. तिचे डोळे पुन्हा भरले. पण आता ते पाणी वेगळं होतं. हाजराबीने चुलीवर, म्हणजे गॅसवर, मंगलाबाईच्याच भांड्यात चहा टाकला, कुणाला न विचारता. साखर कुठल्या दुकानातली, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या मंगळवारी नवापूर स्टेशनवर एक नवलच घडलं. मंगलाबाई पुढे आणि मागे सलाउद्दीनभाऊ, खांद्यावर रिकामी पोती. दुकानावर गिरधरला बसवून आले होते, आणि गिरधरने तेवढ्या वेळात तीन गिऱ्हाइकांना चुकीचे भाव सांगितले, ते वेगळं. खांडबाऱ्यात मंगलाबाईने सलाउद्दीनभाऊंना शिकवलं, की डाळ हातात घेतल्यावर चेहरा कसा आंबट करायचा, निघून जायला पाऊल कसं टाकायचं आणि दुकानदार हाक मारेपर्यंत मागे कसं वळायचं नाही. सलाउद्दीनभाऊ पहिल्यांदा तिसऱ्याच पावलाला वळले. मंगलाबाईने त्यांना सगळ्या बाजारात झापलं. दुसऱ्या दुकानात ते थेट पानाच्या टपरीपर्यंत गेले, आणि दुकानदार मागून धावत आला. भाऊंचं तोंड असं फुललं, की लग्नातसुद्धा इतकं फुललं नसेल. हे हाजराबीचंच म्हणणं. ती घरी बसून कसं पाहणार, पण ती म्हणते.

त्यांनी खांडबाऱ्याच्या त्याच डाळीची तीन पोती ठोकात उचलली. जुन्या व्यापाऱ्यालाही फोन करून भाव विचारला. तो वीस वर्षांनी पहिल्यांदा चपापला आणि दुसऱ्याच दिवशी पुष्कळ खाली आला. भांडण झालं नाही, काही नाही. वर म्हणाला, आधी का नाही बोललात?

त्या रविवारी दुकानासमोर गिऱ्हाइकांची गर्दी होती. मंगलाबाई सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भाऊ, डाळ कशी दिनी?"

गिरधर बाकड्यावर बसला होता. त्याने लाजेने तोंड फिरवलं. सलाउद्दीनभाऊंनी भाव सांगितला.

मंगलाबाईने डाळ हातावर घेतली. चेहरा आंबट केला. आणि पाठ फिरवून निघाली. एक पाऊल, दुसरं, तिसरं. सगळी गर्दी बघत होती. ती आपल्या उंबऱ्याशी पोचली, तेव्हा मागून हाक आली, "वहिनी! वो वहिनी! दोन रुपया कमी करस, पन माघारी या!"

ती वळली, आणि दोघंही हसू आवरता आवरता पुरती थकली. दोन रुपये कमी झाले ते सगळ्या गल्लीलाच झाले. रेवजीने तर लगेच दोन किलो घेतली.

आता डाळ, गूळ, मिरची सगळं समोरच मिळतं. तेल मात्र अजून उच्छलचंच. तिथल्या भावापुढे सलाउद्दीनभाऊंनाही हात टेकावे लागले. मंगलाबाई महिन्याला एकदा जाते, आणि दोन डबे आणते, एक आपला, एक हाजराबीचा. आणि गाडी यायच्या वेळेला किराणा दुकानदार सलाउद्दीनभाऊ दुसऱ्याच्या दुकानातला तेलाचा डबा उचलायला स्टेशनवर हजर असतात.